चेतापेशीतली वीज उणे ७० वरच का थांबते?

अर्धविराम (सोमवार, रात्री ९:४०)

भाचीला जीवशास्त्र शिकवायला बसलो होतो. प्रकरण चेतासंस्थेचं. पुस्तकातलं वाक्य असं: चेतापेशीच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप असतो, तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, म्हणून पेशीच्या आत ऋण प्रभार तयार होतो आणि आत-बाहेर उणे ७० मिलिव्होल्टचा फरक पडतो. मीही हेच पाठ केलं होतं. पान उलटणार, तेवढ्यात तिने विचारलं, “मामा, पंप दर वेळी एक धन प्रभार जास्त बाहेर टाकतोय. दिवसरात्र टाकतोय. मग आतला ऋण प्रभार वाढतच का जात नाही? सत्तरला त्याला कोण थांबवतं?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन पुस्तकं उघडली, दोन्हींत तेच वाक्य. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. तिला शनिवारी उत्तर द्यायचं कबूल केलं आहे.

निळापक्षी (सोमवार, रात्री ९:५५)

भाचीला शाबासकी सांगा. वाचत राहणार.

चकमक (सोमवार, रात्री १०:१०)

पंपाचा फारसा संबंध नाही. पेशीच्या आत मोठमोठी प्रथिनं असतात, त्यांच्यावर ऋण प्रभार असतो आणि ती पटलातून बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून आत ऋण. आम्हाला असंच शिकवलं होतं आणि मला ते पटलेलं आहे.

काचनळी (सोमवार, रात्री ११:२०)

अर्धविराम, तुमच्या भाचीने त्या वाक्याच्या नेमक्या दुबळ्या जागी बोट ठेवलंय. चेतापेशींचा विभव, म्हणजे आत-बाहेरचा विजेचा फरक, मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पंप वीज बनवतो असं म्हणण्यापेक्षा पंप साठा राखतो असं म्हणा. त्याच्या कष्टामुळे सस्तन प्राण्यांच्या पेशीत पोटॅशियम भरपूर राहतं, सुमारे १४० मिलिमोल प्रतिलिटर, आणि बाहेर ते जेमतेम ५ च्या आसपास असतं. सोडियमचं उलट: बाहेर १४५, आत १० ते १५. इथपर्यंत नुसती असमान वाटणी झाली, वीज अजून आलेली नाही.

ती येते गळतीतून. पटलात पोटॅशियमसाठी कायम उघड्या राहणाऱ्या मार्गिका असतात. आत दाटी, बाहेर मोकळं, म्हणून पोटॅशियम बाहेर निघतो. जाताना स्वतःचा धन प्रभार सोबत नेतो, जोडीचा ऋण प्रभार आतच राहतो. थोडे आयन गेले की आतली ऋण बाजू मागच्यांना धरून ठेवायला लागते. दाटी बाहेर ढकलते, वीज आत ओढते. फक्त पोटॅशियमच ये-जा करू शकला असता तर हे दोन जोर साधारण -८९ मिलिव्होल्टला जुळले असते. पण थोडा सोडियमही आत झिरपतो, कारण त्याला दाटीही आत ढकलते आणि वीजही आतच ओढते. म्हणून पेशी -८९ पर्यंत पोचत नाही, -७० च्या आसपास राहते.

आता भाचीचा प्रश्न. समजा पंपाने आत अजून ऋण केलं, -७५ पर्यंत नेलं. त्या क्षणी पोटॅशियमची बाहेर जाण्याची ओढ कमी होते आणि सोडियमची आत येण्याची ओढ वाढते. म्हणजे धन प्रभार आतच साचायला लागतो आणि विभव परत वर येतो. -७० ला कुणी पहारेकरी बसलेला नाही. पोटॅशियमचं जाणं, सोडियमचं येणं आणि पंपाचं काम या तिघांचा हिशेब जिथे शून्य होतो, ती ही जागा.

वीजतंत्री (मंगळवार, सकाळी ७:३०)

काचनळी ताई, फार सुरेख उलगडलंत. मी विजेच्या क्षेत्रातला, त्यामुळे आकडे हाताखालून घातल्याशिवाय चैन पडत नाही. गोल्डमन यांनी १९४३ साली मांडलेलं आणि हॉजकिन-कॅट्झ यांनी १९४९ साली चेतातंतूला लावलेलं समीकरण घेतलं. आयनांची आत-बाहेरची दाटी आणि पटल कुणाला किती सैल, यावरून ते विभव काढतं. पोटॅशियमसाठी पटल जितकं सैल, त्याच्या २५ व्या भागाइतकंच सोडियमसाठी सैल आहे असं धरलं. तापमान ३७ अंश.

वरची बाजू (बाहेरचे आकडे): ५ + (०.०४ × १४५) = १०.८
खालची बाजू (आतले आकडे): १४० + (०.०४ × १२) = १४०.५
भागाकार ०.०७७, त्याचा दशमान लॉग -१.११, गुणिले ६१.५ = -६८.५ मिलिव्होल्ट

कागदावर हा आकडा उतरला तेव्हा मी खरंच थोडा वेळ नुसता बघत बसलो. या समीकरणात पंप कुठेच नाही! पंपाचा ३ ला २ हा हिशेब घालून पुन्हा केलं तर -७४ येतं. म्हणजे पंपाचा थेट वाटा ५ मिलिव्होल्टच्या आसपास. बाकी सगळं गळतीचं.

भाचीला असं सांगता येईल: तळाशी भोक असलेल्या टाकीत नळ सोडून ठेवला तर टाकी ओसंडत नाही. पाणी जसं चढतं तसा भोकातून जाणारा झोतही वाढतो, आणि येणं-जाणं सारखं झालं की पातळी ठरते.

चकमक (मंगळवार, सकाळी ९:०५)

गणित मान्य. पण प्रथिनांवरचा ऋण प्रभार खोटा आहे का? तो आहेच ना आत? मग ‘आत ऋण’ याचं श्रेय त्याला का नाही?

वीजतंत्री (मंगळवार, सकाळी ९:४०)

खोटा नाही. पण त्या प्रत्येक ऋण प्रभाराशेजारी आत एक पोटॅशियम उभा आहे. आतला बेरीज-वजाबाकीचा हिशेब जवळपास शून्यच आहे. जास्तीचा ऋण प्रभार असतो तो फक्त पटलाला आतून चिकटलेल्या अगदी पातळ थरात.

किती जास्तीचा, तेही काढलं. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरा. पटलाची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, दर चौरस सेंटीमीटरला १ मायक्रोफॅरड. ७० मिलिव्होल्टसाठी लागणारे आयन: सुमारे ५५ लाख. आणि त्याच पेशीत एकूण पोटॅशियम आयन किती? सुमारे ३५ हजार कोटी. म्हणजे एक लाख आयनांमधले जेमतेम दीड बाहेर गेले की काम झालं. एवढ्याने आतली रासायनिक घडण काहीच बदलत नाही.

निळापक्षी (मंगळवार, सकाळी ९:५८)

लाखात दीड! हे वाचून अंगावर काटा आला.

काचनळी (मंगळवार, दुपारी १:१५)

चकमक, तुमच्या शंकेला प्रयोगाने दिलेलं उत्तर आहे. १९६१ च्या सुमारास बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याचा महाचेतातंतू घेतला. हा तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यातला आतला सगळा गर त्यांनी लाटण्यासारख्या रुळाने दाबून पिळून काढला. प्रथिनं बहुतेक गेली, नुसती नळी उरली. तिच्यात साधं पोटॅशियम क्षाराचं द्रावण भरलं. विभव परत आला, तंतू आवेगही (विजेचा संदेशही) नेऊ लागला! आतल्या पोटॅशियमच्या जागी सोडियम भरत गेले तसा विश्राम-विभव (आवेग नसतानाचा विभव) शून्याकडे सरकला. मोठ्या ऋण रेणूंचं काम एवढंच, की त्यांच्या सोबतीने पेशीला इतकं पोटॅशियम आत ठेवता येतं. व्होल्टचा आकडा ठरतो तो दाटीतल्या फरकाने आणि कशाला वाट मोकळी आहे त्याने.

चकमक (मंगळवार, दुपारी २:००)

हा प्रयोग माहीत नव्हता. पटलं. माझं आधीचं विधान मागे घेतो, आणि अर्धविराम, भाचीला प्रथिनांची गोष्ट सांगू नका.

शाईपेन (मंगळवार, दुपारी ३:३०)

मूळ शंका बाजूला ठेवून एक विचारते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो ना? मग मोठा सुटतो आणि लहान अडकतो, हे कसं?

काचनळी (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

शाईपेन, या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं घालवली. पाण्यात कुठलाही आयन एकटा नसतो, त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचं कोंडाळं असतं. मार्गिकेच्या अरुंद भागात शिरताना ते कोंडाळं उतरवावं लागतं, आणि ते उतरवायला ऊर्जा लागते. पोटॅशियम मार्गिकेच्या गळ्याशी ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले असतात की पाण्याची जागा ते हुबेहूब घेतात. पोटॅशियमला आपण पाण्यातून बाहेर आलो हे जाणवतही नाही. सोडियम लहान, त्याला त्या ऑक्सिजनांचा सगळ्या बाजूंनी आधार मिळत नाही, म्हणून पाणी सोडणं त्याला परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली अशा एका जिवाणूच्या मार्गिकेची रचना क्ष-किरणांनी दाखवली, २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढी काटेकोर निवड करूनही अशा मार्गिकेतून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जाऊ शकतात.

वीजतंत्री (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

अजून एक आकडा राहिला होता. ७० मिलिव्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. भागून बघा: मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. कोरड्या हवेत मीटरला ३० लाख व्होल्टला ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या क्षेत्राच्या साडेचारपटीहून जास्त ताण हे तेलकट पटल जन्मभर झेलतं.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ११:५०)

मी परिचारिका, डायलिसिस विभागात बरीच वर्षं काम केलं. तुमच्या समीकरणातला तो ‘बाहेरचा ५’ आमच्यासाठी फार जिवंत आकडा आहे.

एकदा पहाटे एक बाई आल्या, दोन डायलिसिस चुकलेली. चालत आल्या, पण खुर्चीतून उठता येईना. म्हणाल्या, “पाय माझे नाहीतच असं वाटतंय.” मॉनिटर लावला तर हृदयाच्या आलेखातले टी तरंग उभे, टोकदार, तंबू ठोकल्यासारखे. रक्तातलं पोटॅशियम ७.४ आलं. नेहमीचं ३.५ ते ५ असतं. डॉक्टरांनी आधी कॅल्शियम ग्लुकोनेट सोडलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. मी नजर पडद्यावरून हलवली नाही. काही मिनिटांत तंबू बसायला लागले.

तेव्हा नवीन होते, मनात आलं की साखर वाढलेली नसताना इन्सुलिन कशाला? वरिष्ठ सिस्टरांनी सांगितलं, इन्सुलिन पंपाला जोर देतं, पंप पोटॅशियम पेशीत ओढून घेतो. कॅल्शियमने पोटॅशियम एक थेंबही कमी होत नाही, ते फक्त हृदयाच्या पेशींना तेवढा वेळ सांभाळून धरतं. खरं पोटॅशियम शरीराबाहेर गेलं ते नंतर, डायलिसिसवर. तो पंप मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही, पण त्या पहाटे त्याच्यावर माझा विश्वास बसला.

शाईपेन (बुधवार, सकाळी ८:१५)

रात्रपाळी ताई, वाचताना श्वास रोखला गेला. पण गोंधळ झाला. बाहेरचं पोटॅशियम वाढलं की आतला ऋणपणा कमी होणार, म्हणजे पेशी आवेगाच्या उंबरठ्याजवळ येणार. मग ती जास्त चपळ व्हायला हवी. पाय लुळे का पडले?

काचनळी (बुधवार, सकाळी १०:४०)

सुरुवातीला चपळ होतेच. पण आवेग पेटवणाऱ्या सोडियम मार्गिकांना एक दुसरं दार असतं. विभव बराच काळ वर राहिला की ते दार बंद होतं, आणि विभव पुन्हा पुरेसा खाली गेल्याशिवाय उघडत नाही. बाहेरचं पोटॅशियम ५ चं १० झालं तर पोटॅशियमचा तोल १८ मिलिव्होल्टने वर सरकतो. पेशी उंबरठ्याशी उभी, पण दार बंद. त्या बाईंच्या स्नायूंचं तेच झालं असावं. विश्राम-विभव खोल असणं म्हणजे ती दारं पुन्हा उघडून तयार ठेवणं.

पाऊलखुणा (बुधवार, दुपारी १२:३०)

थोडा इतिहास मांडतो, कारण या कल्पनेचा प्रवास मला फार आवडतो. ‘पटल पोटॅशियमला सोडतं, म्हणून वीज’ ही मूळ मांडणी युलियस बर्नस्टाइन यांची, १९०२ सालची. आयनांच्या दाटीतून किती व्होल्ट निघतात याचं सूत्र नेर्न्स्ट यांनी आधीच, १८८९ च्या सुमारास दिलं होतं. बर्नस्टाइन यांच्याकडे पेशीच्या आत घालण्याइतकी बारीक तार नव्हती. बाहेरून मोजून, तापमान बदलून, नुसत्या तर्काने ते तिथवर पोचले. त्यांचं म्हणणं होतं की आवेगाच्या वेळी पटल सगळ्यांनाच सोडतं, म्हणजे विभव शून्यावर यायला हवा.

१९३६ साली जे. झेड. यंग यांनी स्क्विडचा महाचेतातंतू शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेला आणला. १९३९ साली प्लिमथला हॉजकिन आणि हक्सले यांनी त्या तंतूत लांबीच्या बाजूने विद्युताग्र सरकवलं आणि पेशीच्या आतून मोजलं. आवेगाच्या शिखरावर विभव शून्यावर थांबला नाही, ओलांडून धन बाजूला गेला. बर्नस्टाइन विश्रांतीबाबत बरोबर होते, आवेगाबाबत नाही. आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. आवेगात सोडियम आत शिरतो, ही पूर्ण गोष्ट लिहायला त्यांना १९५२ साल उजाडलं. १९६३ साली एक्लिस यांच्यासोबत नोबेल.

पंप सापडला तो आणखी वेगळ्याच वाटेने. डेन्मार्कमध्ये येन्स स्कौ खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करत होते. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही घातले की एटीपी (पेशीचं इंधन) फोडणारं एक विकर जोरात चालतं, हे त्यांनी १९५७ साली छापलं. नोबेल मिळालं १९९७ साली, ४० वर्षांनी.

निळापक्षी (बुधवार, दुपारी १२:४४)

एका खेकड्याच्या पायातून एवढं निघालं!

शाईपेन (बुधवार, दुपारी ४:२०)

माझा जीव शब्दांत. एवढं वाचल्यावर ‘विश्राम-विभव’ हा शब्द मला खटकायला लागला आहे. इथे विश्रांती कुणाची? पोटॅशियम गळतोय, सोडियम झिरपतोय, पंप एटीपी जाळतोय. ‘सज्ज-विभव’ म्हणावं का? दोरी ओढून धरलेलं धनुष्य विश्रांतीत आहे असं आपण म्हणत नाही.

पाऊलखुणा (बुधवार, दुपारी ४:५०)

‘सज्ज’ फार चपखल. मराठीत धनुष्य सज्ज करणं म्हणजे त्याला दोरी चढवणंच. माझं मत सज्ज-विभवाला.

चकमक (बुधवार, संध्याकाळी ५:३०)

मी इथे जरा विरोध करतो. सगळ्या पेशी झडप घालायला टपलेल्या नसतात. मेंदूतल्या ताराकृती पेशींचा विभव चेतापेशींपेक्षाही खोल असतो, -८० च्या पलीकडे, आणि त्या आवेग फेकतच नाहीत. त्यांना सज्ज कसं म्हणणार? ‘स्थिर-विभव’ साधा आणि खरा.

काचनळी (बुधवार, रात्री ९:१०)

दोन्ही बाजू समजल्या. ‘स्थिर’ला एक अडचण आहे: डोळ्यातल्या दंडपेशी अंधारात -४० च्या आसपास असतात, कारण अंधारात त्यांच्या मार्गिका उघड्या असतात, आणि प्रकाश पडला की त्या आणखी ऋण होतात. म्हणजे त्यांचं काम अंधारात जास्त चालतं. आणि हृदयाचा ठेका देणाऱ्या पेशी कुठेच स्थिर राहत नाहीत, ठोका संपला की लगेच पुढच्याकडे चढायला लागतात. मी बोलताना नुसतं ‘विभव’ म्हणते. पण शाईपेनचं धनुष्य माझ्या डोक्यातून जाणार नाही.

विश्रांती नाही याबद्दल मात्र दुमत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, ऊर्जा २० टक्के, आणि त्या ऊर्जेतला निम्म्याच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा वाटा सोडियम-पोटॅशियम पंप खातात.

मृगजळ (बुधवार, रात्री १०:२५)

पहिल्यांदाच लिहितेय. मला अर्धशिशी आहे, आधी दृष्टीत फरक पडणारी. वाचत असलेल्या ओळीतलं एक अक्षर नाहीसं होतं. मग त्या जागी करवतीच्या दात्यांसारखी चमचमणारी रेघ येते, आणि वीसेक मिनिटांत ती पसरत पसरत नजरेच्या कडेला जाऊन मिटते. नंतर डोकं. बरीच वर्षं मला वाटायचं डोळ्यात दोष आहे. एका डॉक्टरांनी समजावलं की डोळा ठीक आहे, मेंदूच्या पृष्ठभागावरून पोटॅशियमची लाट जाते. ती लाट म्हणजे याच विभवाचं कोसळणं का?

काचनळी (बुधवार, रात्री ११:३०)

मृगजळ, हो. ब्राझीलच्या लेआओ यांनी १९४४ साली सशांच्या मेंदूत ही लाट प्रथम वर्णिली. एका जागी पेशींचा विभव कोसळतो, त्यांचं पोटॅशियम बाहेर सांडतं. मेंदूत पेशींबाहेरचं पोटॅशियम एरवी ३ च्या आसपास असतं, ते तिथे कित्येक पटींनी चढतं. शेजारच्या पेशींना ते लागलं की त्याही कोसळतात. अशी लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर सरकते. तुमच्या रेघेला वीस मिनिटं लागतात ती याच संथ चालीमुळे. मग पंप आणि ताराकृती पेशी मिळून सगळं पोटॅशियम आवरून परत भरतात आणि तुम्हाला ते अक्षर पुन्हा दिसतं. एका प्रकारच्या आनुवंशिक अर्धशिशीत ताराकृती पेशींतल्या पंपाच्याच जनुकात बदल सापडतो.

मृगजळ (बुधवार, रात्री ११:४८)

पुढच्या वेळी रेघ दिसेल तेव्हा निदान कळेल, काय आवरलं जातंय ते. मनापासून आभार.

रात्रपाळी (गुरुवार, पहाटे ४:१०)

काचनळी ताई, तुम्ही मोजता म्हणजे नेमकं करता काय? सुई टोचता?

काचनळी (गुरुवार, दुपारी १:३०)

टोचत नाही, चिकटवतो. काचेची नळी तापवून ओढली की तिचं टोक मायक्रोमीटरभर उरतं. आत पोटॅशियमचं द्रावण, त्यात चांदीची तार, तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा करडा थर. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा पातळ काप, त्यावरून प्राणवायू मिसळलेलं क्षारजल वाहतंय. नळीत तोंडाने हलका दाब धरून पेशीजवळ जायचं. जवळ गेलं की पेशीवर खळी पडते, बाळाच्या गालावर पडते तशी. त्या क्षणी दाब सोडायचा, अगदी हळू ओढायचं. पटल काचेला चिकटतं, रोध मेगाओहमवरून गिगाओहमवर उडी मारतो. मग एक छोटासा झटका. पटलाचा तुकडा फाटतो आणि पडद्यावरची रेघ शून्यावरून खाली येते: -६८. हजार वेळा केलं असेल, पण रेघ खाली उतरते तेव्हा आजही मी मनात म्हणते, ‘आहेस ना!’

एक दिवस मात्र लक्षात राहिला. प्राणवायूची नळी बाटलीतून निसटली होती, मला कळलं नाही. पेशी -६८ वर होती. मग -६४. -५८. मला वाटलं नळीची पकड सुटली, ती तपासत बसले. पकड घट्ट होती. -४५ ला पेशीने एकदम आवेगांचा मारा केला आणि गप्प झाली. तेव्हा बुडबुडे बंद आहेत हे दिसलं. विशेष म्हणजे त्या पेशीला मी काचनळीतून स्वतः एटीपी पुरवत होते, आतलं पोटॅशियमही माझ्या द्रावणातलं होतं. ती एकटी उपाशी नव्हती. पण आजूबाजूच्या हजारो पेशींचे पंप थांबले, त्यांचं पोटॅशियम बाहेर साचलं, आणि तिचाही तोल गेला. एका पेशीचा विभव शेजाऱ्यांच्या पंपांवरही उभा असतो, हे मला त्या दिवशी पडद्यावर दिसलं.

वीजतंत्री (गुरुवार, दुपारी २:१५)

ताई, मग पंप थांबला की विभव लगेच जातो की हळूहळू? माझ्या समीकरणाप्रमाणे लगेच फक्त ५ मिलिव्होल्ट जायला हवेत.

काचनळी (गुरुवार, दुपारी २:५०)

बरोबर. नुसता पंप रोखला तर लगेच जातात ते थोडेच मिलिव्होल्ट, मग साठा रिकामा होईल तसतसा उतार. स्क्विडचा महातंतू एवढा जाड, त्याचा साठा एवढा मोठा, की विष देऊन पंप बंद केला तरी तो बराच काळ आवेग नेत राहतो. बारीक तंतूंना ती चैन नाही. साठा छोटा आणि पृष्ठभाग त्या मानाने मोठा, लवकर रिते होतात.

निळापक्षी (शुक्रवार, सकाळी १०:००)

विद्युत ईलमासा याच विजेवर चालतो का?

पाऊलखुणा (शुक्रवार, सकाळी ११:२०)

याच. त्याच्या वीज-अवयवात चपट्या पेशी हजारोंनी एकामागे एक रचलेल्या असतात. एरवी प्रत्येक पेशीच्या दोन्ही बाजूंचा विभव एकमेकांना छेद देतो, बाहेर काही जाणवत नाही. मेंदूचा इशारा आला की एकच बाजू उलटते आणि प्रत्येक पेशी सुमारे ०.१५ व्होल्ट देते. सगळ्या एकाच वेळी. २०१९ साली वर्णन झालेल्या एका जातीत ८६० व्होल्ट मोजले गेले.

अर्धविराम (शनिवार, रात्री ८:३०)

सगळ्यांचे आभार. आज भाचीसमोर बसलो. टाकी आणि भोक सांगितलं, वीजतंत्रींचं समीकरण तिच्याकडूनच करून घेतलं. सोडियमचा तो ०.०४ तिने स्वतःहून बदलून पाहिला. शून्य केला तर -८९. एक केला तर जवळपास शून्य. २० केला तर उत्तर धन आलं, +५४. “मामा, हाच आवेग!” असं ओरडून ती उठली. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

मग तिने वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं, जसंच्या तसं देतो: “पंप साठा भरतो. पोटॅशियमची गळती वीज करते. सोडियमची गळती ती थोडी कमी करते. पंप थांबला तर वीज लगेच जात नाही, साठा संपेल तशी जाते.”

वही मिटता मिटता पुढचा प्रश्न आला. क्लोराइडवर ऋण प्रभार असतो, ते बाहेर ११० आहे, मग ते कुठल्या बाजूने ओढतं?

काचनळी (शनिवार, रात्री १०:०५)

तिला माझ्याकडून विचारा, पेशीचं वय काय? प्रौढ चेतापेशी क्लोराइड सतत बाहेर काढते. त्यामुळे आत ते कमी असतं, आणि त्याची वाट उघडली की ते आत येऊन पेशीला शांत ठेवतं. अगदी कोवळ्या चेतापेशीत ते काढणारी यंत्रणा अजून पुरती आलेली नसते, आत क्लोराइड जास्त असतं, म्हणून तीच वाट उघडली तर क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी उद्दीपित होते. आकडे देते, उत्तर तिलाच काढू दे: बाहेर ११०, प्रौढ पेशीत आत ७, कोवळ्या पेशीत आत २५. एवढंच सांगा, की प्रभार ऋण असल्यामुळे आत आणि बाहेर यांच्या जागा समीकरणात उलटतात.